रात्री साडेदहाची कोरी ओळ

ताई,

माझं वय ४३. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन कमी करायची ट्रीटमेंट सुरू केली. साखर सीमारेषेवर आली होती, म्हणून त्यांनीच आग्रह धरला. पहिल्या पाच महिन्यांत ८८ किलोंवरून ८० वर आले. मग आईला पक्षाघाताचा झटका आला आणि तिला माझ्याकडे आणलं. तेव्हापासून नोकरी, घर आणि तिचं सगळं. तीन महिन्यांत वजन पुन्हा ८३. दिवसभर मी ठरल्याप्रमाणेच खाते. रात्री आईला औषधं देऊन, कूस बदलून, झोपवून साडेदहाला स्वयंपाकघरात येते आणि दिवा न लावता, उभ्याउभ्या, हाताला येईल ते खाते. गोड, खारं, काहीही. भूक नसते, हे मला पक्कं कळतं. पंधरा-वीस मिनिटांनी स्वतःची किळस येते. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून सकाळचं खाणं टाळते, दुपारचं निम्मं करते. आहारतज्ज्ञ मॅडमनी वही ठेवायला सांगितली आहे, तिच्यात रात्रीची ओळ मी कोरी सोडते. त्या विचारतात, "मग वजन का वाढतंय?" मी गप्प बसते. नवरा म्हणतो, "मनावर घेतलंस तर जमेल." इच्छाशक्ती कशी वाढवायची ते सांगा. ट्रीटमेंट सोडून देऊ का? की इंजेक्शन मागू? आणि हा काही मानसिक आजार तर नाही ना?

— एक वाचक

तुमचं पत्र वाचताना मी 'दिवा न लावता' या शब्दांपाशी अडखळले. घरातले सगळे झोपलेले असतात, आईही झोपलेली असते. तरी दिवा लावावासा वाटत नाही, कारण जे चाललंय ते तुम्हाला स्वतःलाही बघायचं नसतं. वहीतली कोरी ओळ आणि हा न लावलेला दिवा, मला एकाच गोष्टीची दोन रूपं वाटतात. तुम्ही इच्छाशक्तीबद्दल विचारलंत, पण मी जास्त बोलणार आहे ते या लपवण्याबद्दल. वजन कमी करायला निघालेल्या आणि मन भरून आलं की खाण्याकडे वळणाऱ्या माणसांशी मी बरीच वर्षं बोलते आहे. खाण्याने त्यांचं जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त ते खाणं लपवल्याने आणि दुसऱ्या दिवशी त्याची शिक्षा भोगल्याने होतं, असं माझं मत झालं आहे.

इच्छाशक्तीचा मुद्दा लगेच मिटवून टाकू. पाच महिन्यांत आठ किलो उतरवणारी, त्यानंतर आजारी आईला उठवणं-बसवणं आणि नोकरी दोन्ही करून दिवसभर ठरलेलं तेवढंच खाणारी बाई निर्धारात कमी पडलेली नाही. रात्री साडेदहाला तुमच्याकडे निर्धार उरत नसेल, तर त्यात नवल काय? थकलेल्या माणसाला आणखी निग्रह करायला सांगणं म्हणजे दिवसभर ओझं वाहिलेल्याला आता पळून दाखव म्हणण्यासारखं आहे.

मग त्या वेळी नेमकं काय होतं? तुमच्याच पत्रातून दिसतंय. सकाळपासून तेव्हा पहिल्यांदा तुम्हाला कोणी हाक मारत नाही. शरीर थकलेलं असतं, हात रिकामे असतात, आणि दिवसभर मागे लोटलेलं सगळं वर यायला लागतं. आईची धास्ती, उद्याची कामं, कदाचित थोडा राग, आणि त्या रागाबद्दलचा अपराधीपणा. हे सगळं अंगावर येण्याआधीच हात डब्याकडे जातो. पोटात कावळे ओरडत नसतात, तरीही. पंधरा मिनिटं फक्त चव असते, चावणं असतं, आणि बाकी सगळं थांबलेलं असतं. खाणं इथे औषधासारखं काम करतं. बेताचं औषध आहे, त्याचे दुष्परिणामही आहेत, पण हाताशी दुसरं काही नाही म्हणून तुम्ही तेच घेता.

तुम्ही या बाबतीत एकट्या नाही. हिल्डे ब्रुख या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मांडलं होतं की काही माणसांना पोटाची भूक आणि मनाची बेचैनी वेगळी ओळखता येत नाही, दोन्ही वेळी त्यांना एकच उत्तर सुचतं. तुम्हाला ती वेगळी ओळखता येते, 'भूक नसते, हे पक्कं कळतं' असं तुम्हीच लिहिलंय. ही मोठी जमेची बाजू आहे. १९८६ साली तात्याना व्हान स्ट्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये ३३ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली, ती अजून वापरली जाते. भावनेमुळे खाणं, समोर दिसलं म्हणून खाणं आणि मन मारून कमी खाणं, या तीन गोष्टी तिच्यात वेगवेगळ्या मोजतात. तुमच्या पत्रात मला या तिन्ही गोष्टी दिसतात, आणि त्या एकमेकींना पुढे ढकलतात.

खाल्ल्यावर बरं वाटतं का, हाही प्रश्न आहे. पहिल्या चार-सहा घासांत वाटत असणार. पण अमेरिकेतल्या काही संशोधकांनी, ट्रेसी मान त्यांच्यात होत्या, २०१४ साली एक साधा प्रयोग मांडला. लोकांना उदास करणारी चित्रफीत दाखवली आणि नंतर काहींना त्यांचा दिलासा देणारा आवडता पदार्थ दिला, काहींना दुसरंच काही खायला दिलं, काहींना काहीच दिलं नाही. थोड्या वेळाने सगळ्यांचीच मनःस्थिती सारखी सुधारली होती. मन आपोआपच सावरतं, आणि श्रेय आपण खाण्याला देऊन मोकळे होतो. तुमचं दुःख काही चित्रफितीने आलेलं नाही, हे मला कळतं, आणि आईची काळजी थोड्या वेळात निवत नाही. पण ती लाट उसळून खाली येते तेव्हा तिला खाली आणणारी गोष्ट दर वेळी डब्यातच असते असं नाही. एवढंच त्या प्रयोगातून घ्या.

आता दुसऱ्या दिवशीची सकाळ. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट ही आहे, आणि तुम्ही मात्र ती जाता जाता, जणू चांगली सवय सांगावी तशी लिहिली आहे. रात्री खाल्लं म्हणून सकाळी उपाशी राहायचं, दुपारी निम्मं जेवायचं. वरवर हा हिशेब बरोबर दिसतो. प्रत्यक्षात त्याने तुम्ही पुढच्या रात्रीची तयारी करून ठेवता. साडेदहाला तुम्ही येता तेव्हा मनाची बेचैनी तर असतेच, शिवाय दिवसभर अर्धवट ठेवलेलं शरीर असतं. भूक जाणवत नसली तरी ती नसतेच असं नाही. दमणुकीखाली ती दबून जाते.

त्यात मनाचाही एक खेळ आहे. १९७५ साली हर्मन आणि मॅक या दोन संशोधकांनी विद्यार्थिनींना आइस्क्रीमची चव घेऊन मत द्यायला सांगितलं, हवं तेवढं खा म्हणाले. त्याआधी काहींना मिल्कशेक प्यायला लावला होता. ज्या मुली एरवी खाण्यावर बंधनं घालत नव्हत्या, त्या मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खायच्या. पोट भरलेलं होतं, साहजिकच आहे. पण ज्या कायम मोजूनमापून खात होत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम जास्त खाल्लं. 'आजचं तर मोडलंच, आता काय राहिलंय' असा विचार एकदा आला की बांध फुटतो. नियम जितका कडक, तितका तो मोडल्यावरचा लोंढा मोठा. साडेदहाला पहिला घास तोंडात टाकल्यावर तुमच्या मनात नेमकं हेच वाक्य येतं का, ते एकदा तपासून बघा. मला वाटतं येत असावं.

आणि आता तो प्रयोग, जो मी माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला सांगते. २००७ साली अ‍ॅडम्स आणि लिअरी यांनी काही विद्यार्थिनींना एक गोड पदार्थ खायला लावला. मग त्यातल्या काहींना सहज सांगितलं की असं सगळेच कधी ना कधी खातात, स्वतःला फार बोल लावू नका. बाकीच्यांना काहीच सांगितलं नाही. पुढे चॉकलेट-गोळ्यांची चव बघायची होती. एरवी मोजूनमापून खाणाऱ्यांपैकी ज्यांना ते मायेचं वाक्य ऐकवलं होतं, त्यांनी कमी खाल्लं. लोकांना हे उलटं वाटतं. सगळ्यांना भीती असते की स्वतःला माफ केलं तर सुटून जाऊ, आणखी खाऊ. तसं झालं नाही. स्वतःची किळस ही सुद्धा एक भावनाच आहे ना? तुम्हाला जड भावना आली की तुम्ही खाता, मग खाल्ल्यावर स्वतःला आणखी एक जड भावना द्यायची आणि खाणं थांबेल म्हणायचं, हे कसं जमावं?

म्हणून पहिलं काम हे करा: उद्या सकाळी खा. रात्री काहीही झालं असेल तरी सकाळचं खाणं ठरल्या वेळी, ठरलं तेवढं. दुपारचंही पूर्ण. जागेपणी दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. खाण्याच्या विकारांवर ज्या मानसोपचारांचा सगळ्यात जास्त अभ्यास झाला आहे, त्यांत हे नियमित खाणं अगदी सुरुवातीला येतं, भावनांवरचं काम नंतर. साखरेसाठी गोळी चालू असेल तर जेवण टाळणं धोक्याचंही ठरू शकतं, तेही डॉक्टरांना विचारून घ्या. पहिल्या आठवड्यात वजन जरासं वाढलेलं दिसेल अशी भीती वाटेल. वाटू द्या. तरीही खा.

दुसरं काम वहीचं. आहारतज्ज्ञ मॅडमची वही राहू द्या तशीच, पण रात्रीच्या ओळीत एक बदल करा. खाल्ल्यावर काय खाल्लं ते लिहिण्याऐवजी खाण्याआधी दोन ओळी लिहा: आत्ता किती वाजले, गेल्या अर्ध्या तासात काय झालं, आणि आत काय वाटतंय. लिहून झालं की खायचं असेल तर खा, मी अडवत नाही. पण दिवा लावून, ताटलीत घेऊन, बसून. एवढ्यानेच त्या पंधरा मिनिटांचं स्वरूप बदलतं, कारण आता त्यांना साक्षीदार आहे, आणि साक्षीदार तुम्हीच आहात.

'काय वाटतंय' याच्यापुढे 'टेन्शन' लिहू नका. टेन्शन हा गाठोड्यासारखा शब्द आहे, आत काय बांधलंय ते कळत नाही. आपल्या भाषेत याला किती तरी शब्द आहेत: धास्ती, वैताग, घुसमट, हुरहुर, चीड, शीण, उबग, एकटेपणा, अपराधीपणा. त्यातला नेमका शोधा. भावनेला नाव दिलं की तिचा जोर थोडा ओसरतो, असं मेंदूच्या स्कॅनवरच्या अभ्यासांतही दिसलं आहे. पण माझा आग्रह दुसऱ्या कारणासाठी आहे. नेमका शब्द सापडला की उपाय वेगळा निघतो. शिणावरचा उपाय अंथरूण हा आहे. एकटेपणावरचा उपाय माणूस. धास्तीवरचा उपाय बहुतेक वेळा माहिती: आईच्या डॉक्टरांना विचारायचे राहून गेलेले चार प्रश्न. आणि चीड असेल, तर कोणाला तरी काहीतरी स्पष्ट सांगायचं राहिलंय.

सुरुवातीच्या काळात मीही लोकांच्या हाती पर्यायांची तयार यादी द्यायचे. फिरायला जा, आंघोळ करा, मैत्रिणीला फोन करा. फारसा उपयोग झाला नाही. एका बाईंनी तर मला विचारलं होतं, "अकरा वाजता मी फिरायला कुठे जाऊ?" त्यांचं बरोबर होतं. खाणं त्यांच्यासाठी काय काम करतंय, ते मी विचारलंच नव्हतं. ते कळल्याशिवाय दिलेला पर्याय म्हणजे पाय दुखत असताना डोळ्यांत थेंब घालणं.

तरी एक गोष्ट मी सगळ्यांना शिकवते. ओढ आली की तिच्याबरोबर दहा मिनिटं बसायचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करायचे, त्यांनी याला लाटेवर स्वार होण्याची उपमा दिली. ओढ चढते, शिगेला जाते आणि तिला खतपाणी मिळालं नाही तर उतरते. आपल्याला मात्र वाटत राहतं की खाल्लं नाही तर ती चढतच जाईल. करायचं असं: खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकवा. ओढ शरीरात कुठे जाणवते ते शोधा. जबड्यात? घशात? छातीत? तळव्यांत? तिथे लक्ष ठेवा आणि श्वास चालू द्या. तिला हाकलू नका, तिच्याशी वादही घालू नका. 'खायचं नाही, खायचं नाही' असं घोकलं की तोच पदार्थ डोळ्यांसमोर नाचतो. ती चढतेय का, थांबलीय का, उतरतेय का, एवढंच बघा. दहा मिनिटं झाल्यावर ठरवा. पहिले काही दिवस तुम्ही दहा मिनिटांनंतर खालच, आणि ते चालेल. तुम्हाला शिकायचंय ते एवढंच की ओढ आणि घास यांच्यात जागा असते. ती आधी मिनिटाची असते, मग पाचाची होते.

वजन कमी करण्याच्या उपचारांत ही स्वीकाराची पद्धत आणून पाहिली गेली आहे. २०१६ साली इव्हान फॉर्मन आणि सहकाऱ्यांनी १९० जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीची वर्तन-उपचार पद्धत, दुसऱ्याला तीच पण जोडीला ओढ आणि नकोशी भावना सोसायची, आणि आपण हे कशासाठी करतोय ते आठवत राहायची शिकवण. वर्षाच्या शेवटी पहिल्या गटाचं वजन सरासरी ९.८ टक्के उतरलं होतं, दुसऱ्याचं १३.३ टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण खरा आहे. 'कशासाठी' या भागावर मात्र थोडं थांबा. काट्यावरच्या आकड्यासाठी रात्री साडेदहाला कोणी खुर्चीवर बसत नाही. तुमचं कारण काय आहे? आईला उचलताना पाठ शाबूत राहावी? पुढची वीस वर्षं साखरेच्या कचाट्यात जाऊ नयेत? ते वहीच्या पहिल्या पानावर तुमच्या शब्दांत लिहा.

'जेव्हा-तेव्हा'ची वाक्यंही आधी तयार ठेवा, ऐन वेळी डोकं चालत नाही. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय की 'मी कमी खाईन' अशा नुसत्या निश्चयापेक्षा 'जेव्हा आईच्या खोलीचा दिवा मालवेन, तेव्हा मी थेट खुर्चीवर जाऊन वही उघडेन' असं ठिकाण-वेळ बांधलेलं वाक्य जास्त वेळा प्रत्यक्षात उतरतं. आणि ओट्यावरचे डबे वरच्या फळीवर जाऊ द्यात. दिसलं की खावंसं वाटतं, त्यात मानसशास्त्र फार नाही.

झोपेबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण रात्री आईची कूस बदलायला उठत असाल, तर तीही तुटक असणार. २००४ सालच्या एका अभ्यासात १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. त्यांच्या रक्तातलं भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, तृप्ती सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं. ते तरुण धडधाकट होते आणि दोनच रात्री जागले होते. तुम्हाला तीन महिने झाले.

इथे मला तुमच्या यजमानांशी दोन शब्द बोलायचे आहेत. हा भाग त्यांना वाचायला द्या. "मनावर घेतलंस तर जमेल" हे तुम्ही धीर देण्यासाठीच म्हणत असणार, पण ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ 'तू मनावर घेतलेलं नाहीस' असाच लागतो. त्याऐवजी एवढं म्हणा: "मंगळवार आणि शुक्रवार, रात्री नऊनंतर आईंचं मी बघतो. तू झोप." औषधांच्या वेळा लिहून घ्या, कूस कशी बदलायची ते एकदा बघून घ्या आणि ते दोन दिवस खरोखर निभवा. या पानभर लिहिलेल्या सगळ्या युक्त्यांपेक्षा त्या दोन रात्रींचा उपयोग जास्त होईल, असं मला मनापासून वाटतं. भावंडं असतील तर त्यांनाही हेच लागू आहे. एकट्या माणसावर आजारपण टाकून त्याच्या खाण्याला मात्र सगळ्यांनी नावं ठेवायची, हे मला पटत नाही.

आता आजाराचा प्रश्न. मन जड झालं की खाणं हा आजार नाही, माणसाची ती अगदी साधी सवय आहे. पण त्याच्या टोकाला 'बिंज ईटिंग डिसऑर्डर' नावाचा एक विकार आहे. २०१३ पासून अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र जागा मिळाली. त्यात थोड्याच वेळात बहुतेक माणसं खाणार नाहीत एवढं खाल्लं जातं, थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही, भूक नसताना किंवा पोट दुखेपर्यंत खाणं होतं, लाजेपोटी एकट्याने खाल्लं जातं, नंतर किळस येते, आणि हे सरासरी आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने चालू राहतं. यातल्या काही खुणा तुमच्या पत्रात आहेत. किती खाल्लं जातं आणि हात खरोखरच थांबत नाही का, हे पत्रावरून मला ठरवता येणार नाही, आणि मी ठरवूही नये. मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे जाण्यासाठी डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या आणि त्यांना हेच वर्णन सांगा. या विकारावर चांगले उपचार आहेत, विचार आणि वर्तनावर काम करणारी थेरपी त्यात पुढे आहे. तसं निदान झालं तर घाबरू नका. उलट तेव्हा वजनाची घाई थोडी बाजूला ठेवून आधी खाण्याची घडी बसवायची, हे सगळ्यांना कळेल. मात्र खाल्लेलं ओकून काढावंसं वाटत असेल, जुलाब व्हावेत म्हणून गोळ्या घेतल्या जात असतील, किंवा दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. याच आठवड्यात जा.

इंजेक्शनचा निर्णय डॉक्टरांचा आणि तुमचा. घेण्यात कमीपणा काहीच नाही. त्याने भूक उतरते, आणि डोक्यात सतत चाललेले खाण्याचे विचार बऱ्याच जणांचे शांत होतात. पण दोन गोष्टी लक्षात ठेवून मागा. अशा इंजेक्शनांतलं एक औषध म्हणजे सेमाग्लुटाइड. त्याच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात लोकांचं उतरलेलं वजन दोन-तृतीयांश परत आलं, तेव्हा हा थोड्या दिवसांचा इलाज समजू नका. दुसरं, इंजेक्शन भुकेला उत्तर देईल. साडेदहा वाजता तुम्हाला जे हवंय ते भूक नाही असं तुम्हीच सांगितलंय. इंजेक्शन सुरू केलं तरी वही आणि खुर्ची सोडू नका.

ट्रीटमेंट सोडू नका. ८८ वरून ८३ म्हणजे पावणेसहा टक्के वजन आजही उतरलेलंच आहे, तेही आईच्या आजारपणाचे तीन महिने काढून. साखर सीमारेषेवर असलेल्या लोकांवरचा अमेरिकेतला एक मोठा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, एवढंच ध्येय होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण त्या गटात ५८ टक्क्यांनी कमी झालं. तुम्ही त्या सात टक्क्यांपासून किलो-सव्वा किलोवर आहात. आईचं बस्तान बसेपर्यंत 'वजन आहे तिथे ठेवणं' हेच ध्येय ठरवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. तीन महिने वजन न वाढणं हेही या काळात मोठं काम आहे.

राहिली पुढची तारीख. आहारतज्ज्ञ मॅडमसमोर सगळं एकदम सांगायचं दडपण येईल, म्हणून वाक्य इथेच देते. तोंडून निघालं नाही तर चिठ्ठीवर लिहून द्या: "मॅडम, रात्रीची ओळ मी तीन महिने मुद्दाम कोरी ठेवली. आईला झोपवल्यावर मी भूक नसताना खाते आणि दुसऱ्या दिवशी उपाशी राहते. मला रागवू नका. रात्री साडेनऊला काहीतरी बसून खाता येईल असं माझ्या आखणीत बसवून द्या." चांगल्या आहारतज्ज्ञाला हे ऐकून सुटल्यासारखं वाटेल, कारण इतके दिवस त्या अर्ध्याच वहीवर डोकं चालवत होत्या. आणि समजा त्या रागावल्याच, तर त्यांना दुसऱ्यांदा सांगण्यापेक्षा दुसरी आहारतज्ज्ञ शोधा.

महिन्याभराने मला परत लिहा. वजन नाही कळवलंत तरी चालेल. मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री नऊनंतर काय झालं, ते मात्र नक्की कळवा.